हजेरीत अडलेलं नाव

थांबा, वरण उतू गेलं त जाऊ द्या, हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. नंतर सांगते म्हटलं की मी विसरत नाही, पण गप बसते, आणि या गोष्टीवर मी, सत्तर वर्षं होत आली, गप बसली आहे. सकाळी पल्लवीचा, माझ्या नातीचा, फोन आला. ती पुण्याजवळ एका कारखान्यात कामाले आहे. म्हणे, आजी, मले शिफ्टची प्रमुख केलं, चाळीस माणसं आता माझ्या हाताखाली, उद्या सकाळी एकेकाचं नाव घेऊन मलेच कामं वाटायची आहेत. मी म्हटलं, वा व माझी बाई. फोन ठेवला आणि तोच मोबाईल घेऊन इथंच ओट्यापाशी स्टुलावर लिहायले बसली. बोटं भराभर चालून राह्यली, कुठं चुकलं त समजून घ्या. चाळीस नावं. माझ्या मायलेही तेवढीच नावं घ्यायची होती. एक-दोन जास्तच असतील.

आमचं घर जऊळक्याले, स्टेशनाच्या पलीकडं. घर म्हणजे एक खोली, समोर पडवी, पडवीत बाबाची बाज. बाबा आधी जिनात होता, जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. रुईच्या गठाणी बांधून झाल्या की त्यांच्यावर काळ्या शाईनं मार्का मारायचं काम त्याचं. पत्र्यात कापलेली अक्षरं असत, ती गठाणीवर ठेवायची आणि वरून ब्रश फिरवायचा. मग त्याले खोकला लागला. कापसाची बारीक भुकटी छातीत बसली असं सगळे म्हणत, डॉक्टर काय म्हणे ते आमाले समजलं नाही. तो बाजेले लागला आणि त्याच्या जागी नाही, पण त्याच जिनात, माझी माय जायले लागली. रेच्यावर कापूस लावायले. रेचा म्हणजे ते यंत्र, दोन रुळांमधून रुई ओढून घेणारं, त्याच्यासमोर बाई दिवसभर उभी राहून मुठीमुठीनं कापूस लावत जाते. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, लुगड्यावर तंतू. बाबा बाजेवरून म्हणे, "आली माही म्हातारी." आणि माय हसत-हसत अंगणात पदर झटके, अन् कोंबड्या ते पांढरं काहीतरी खायचं आहे समजून धावत येत.

मायचं नाव गिरजा. माहेर रिठदचं. ठेंगणी, काळी, आणि आवाज असा की रेच्यांच्या खडखडाटातही ऐकू येई. जवसाची चटणी तिच्यासारखी मी आजपर्यंत कुठं खाल्ली नाही. दुपारची भाकर मीच जिनात नेऊन देत असे. फडक्यात दोन भाकरी, चटणी, हिवाळा असला त तुरीच्या सोल्यांची आमटी डब्यात. जिनाच्या फाटकाबाहेर लिंबाची दोन झाडं होती आणि त्यांच्या फांद्यांले लुगड्यांच्या झोळ्या. प्रत्येक झोळीत एक लेकरू. फाटकाच्या आत लेकरू न्यायची बंदी होती, तंतू नाकात जातो म्हणून. ते बरोबरच होतं. पण फाटक जगदेव मुकादमाच्या हातात होतं, आणि बायांची हजेरीही.

हा जगदेव दुपारच्या सुट्टीनंतर परत हजेरी घ्यायचा. भोंगा वाजला की लगेच, एक क्षण थांबायचा नाही. जी बाई लिंबाखाली लेकराले पाजत बसली असेल आणि धावत येईपर्यंत तिचं नाव पुकारून झालं असेल, तिची दुपार गैरहजर. मग दिवसभर काम करूनही ती अर्ध्या दिवसाची. रुखमा नावाची एक पोरसवदा बाई होती, पहिलटकरीण, तिले हे दर दोन दिवसाआड व्हायचं. लेकरू अर्धपोटी सोडून ती पळत यायची, चोळी ओली, आणि जगदेव म्हणे, "काय व रुखमे, विहिरीत पडली होती का?" पुरुष हसत. मी ते फाटकातून पाह्यलं आहे. रुखमा खाली मान घालून रेच्यापाशी जाऊन उभी राहायची.

तर सुभद्राकाकूनं एक दिवस धाडस केलं. सुभद्राकाकू म्हणजे जिनातली सगळ्यात जुनी बाई, दात पडलेले, जीभ शाबूत. ती सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर बाहेरगावचा होता, नवीनच आलेला, शांत माणूस. काकू म्हणे, "सायेब, बायाइची हजेरी बाईनं घ्यावी. बाईले समजते कोन्ती कुठं अडकली." मॅनेजर म्हणे, तुमच्यात वाचता कोणाले येते? काकू म्हणे, "आज कोनाले नाई येत. तुमी एक महिना द्या." मॅनेजरनं थोडा विचार केला आणि म्हणे ठीक आहे, महिन्यानं सोमवारी सकाळी जी बाई पूर्ण हजेरी मोठ्यानं, न चुकता वाचेल, तिले बायांची मुकादम करतो. जगदेव मग फक्त पुरुषांची हजेरी पाहील.

आणि बायांनी माझ्या मायले धरलं. काहून की बाबाच्या जुन्या पत्र्यांवरून तिले पाच-दहा अक्षरं ओळखू येत होती, आणि घरात मी होती, शाळेत जाणारी, सहावीतली, बोलायले मागंपुढं न पाहणारी. माय म्हणे, "मले नाई जमत व बाई." सुभद्राकाकू म्हणे, "तुले नाई जमत त कोनाले जमते? मले? माह्या तोंडातून त हवाच निघते."

तो महिना. मले वाटते माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना तोच, आणि म्हणूनच तो आठवायची हिंमत होत नाही. पाचचा भोंगा झाला की माय येई, हातपाय धुई, आणि पडवीत बसे. पडवी मावळतीकडं होती. बाबा बाजेवरून एक-एक पत्रा उचलून उन्हात धरे. पत्र्यातल्या कापलेल्या अक्षरातून ऊन खाली सारवणावर पडे, आणि जमिनीवर उजेडाचं अक्षर उमटे. क. म. र. माय त्यावर बोट फिरवी आणि म्हणे. बाबाचा हात थरथरे त अक्षरही थरथरे, आणि माय म्हणे, "धरा नीट, पळून राह्यलं ते." बाबा हसे, मग खोकला येई, मग अक्षर पूर्ण विझून जाई आणि आम्ही दोघी वाट पाहत बसू. त्या महिन्यात तिच्या वाटणीचा कापूस दोन्ही बाजूच्या बाया लावून देत, म्हणजे ती रेच्यापाशी उभ्या-उभ्या तोंडातल्या तोंडात बाराखडी म्हणू शके. जगदेवले दिसत होतं, पण कापूस कमी निघत नव्हता, त काय म्हणणार.

हजेरीची नक्कल पाहिजे होती. ती मी बाजाराच्या दिवशी आमच्या अंगणात बसून केली, जिनाले सुट्टी होती. सगळ्या बाया आल्या. हजेरीत बायांची नावं अशी असत: रुखमा कोम नथ्थू. कोम म्हणजे बायको. रुखमा, नथ्थूची बायको. मी पेन्सिल चाटून तयार बसली आणि म्हटलं, सांगा. रुखमा म्हणे, "रुखमा कोम..." आणि गप. नवऱ्याचं नाव बाई कशी घेणार. त्याचं आयुष्य कमी होते. मग मंजुळा म्हणे, "नथ्थू लिह्य." आणि मंजुळाच्या नवऱ्याचं नाव सुभद्राकाकूनं सांगितलं, काकूच्याचं रुखमानं. असं सगळं अंगण एकमेकींचे नवरे सांगून राह्यलं, आणि हसून-हसून बेजार. एकीनं म्हटलं, "माह्याचं कोनी सांगू नका, त्याचं नाव हजेरीत कायले, तो कुठं काम करते?" काकू म्हणे, "लिह्य पोरी लिह्य, निदान कागदावर त कामी येईन."

मंजुळा दोन होत्या. एक मंजुळा कोम सखाराम, आणि दुसरी, तिरळ्या डोळ्याची, मंजुळा कोम पुंजाजी. पुंजाजी हे माझ्या बाबाचंही नाव. काकूनं ते उच्चारलं तशी मायनं पदर तोंडावर घेतला, आणि बाया हसल्या. मी लिहून घेतलं.

आणि इथंच ते झालं. रोज संध्याकाळी माय ती नक्कल वाचायची. स्वतःचं नाव आलं की म्हणे, "गिरजा. मी त हजरच हाये." आणि पुढं. दुसऱ्या मंजुळाचं आलं की बोट ठेवून म्हणे, "मंजुळा कोम... हं, ते तू म्हन." आणि मी मोठ्यानं म्हणे, पुंजाजी. लेकीले बापाचं नाव घ्यायले काही बंदी नाही. रोज म्हणे. महिनाभर. मले त्यात मजा वाटायची, की बाबाचं नाव मले घेता येते आणि मायले नाही. चाळीस बायांपैकी एकीच्याही मनात आलं नाही की सोमवारी ते नाव कोण म्हणेल. येणारच कसं. आमच्याकडं ते न म्हणणं म्हणजे चूक नव्हती, ती रीत होती. नाव गाळलं असं कोणाले वाटलंच नाही.

फक्त बाबाच्या मनात आलं. आदल्या दिवशी तो बाजेवरून म्हणे, "गिरजे, माहं नाव घ्यावं लागीन तुले."

"तुमी गप रावा."

"नाव घेतल्यानं मानूस मरत असता त त्या जगदेवचं नाव तुमी साऱ्या दिवसभर घेता. तो काहून जित्ता हाये?"

मी खी-खी हसली. माय हसली नाही. तिनं भाकरीवरचा हात थांबवला आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तब्बेत बरी झाल्यावर घेईन," म्हणे. "हजार वेळा घेईन. आता नाई."

सोमवारी मी शाळा बुडवून जिनात गेली. दुपारची भाकर सकाळीच घेऊन. फाटक उघडं होतं. रेचे बंद होते, आणि ते बंद असले की कसं वाटते ते तुमाले सांगता येत नाही, छताच्या लोखंडावर बसलेल्या पारव्यांचं घुमणंही ऐकू येई. गठाणी तोलायच्या मोठ्या काट्यापाशी मॅनेजर खुर्चीवर बसलेला. एका बाजूनं बाया ओळीत उभ्या, दुसऱ्या बाजूनं गठाणीवाले पुरुष, पाहायले आलेले. जगदेव हात मागं बांधून. मायनं धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मॅनेजरनं हजेरीचं बुक तिच्या हातात दिलं आणि ती वाचायले लागली.

पहिली दोन-चार नावं हळू. मग तिचा तो आवाज निघाला. काशी कोम गणपत. हजर. रुखमा कोम नथ्थू. हजर. प्रत्येक हजर आधीच्यापेक्षा मोठा, जशा बाया एकमेकींच्या खांद्यावर पाय देऊन वर चढून राह्यल्या. मॅनेजर मान हलवत होता. मले फाटकापाशी उभं राहवत नव्हतं, मी आत आली, काट्यापाशी आली. स्वतःचं नाव आलं तेव्हा माय म्हणे, "गिरजा," आणि स्वतःच म्हणे, "हजर." मॅनेजरही हसला. मंजुळा कोम सखाराम. हजर. आणि मग,

"मंजुळा कोम..."

तिरळी मंजुळा लगेच म्हणे, "हजर सायेब."

जगदेव म्हणे, "सायेब, कोन्ती मंजुळा? पुकारलं कोनाले?"

मॅनेजर म्हणाला, "पूर्ण वाचा बाई."

माय थांबली. सुभद्राकाकू ओळीतून पुढं आली. म्हणे, "सायेब, तिच्या मालकाचं नाव बी तेच हाये. तो बिमार हाये बाप्पा. नाई घेत ती." मॅनेजर रागावला नाही. तो म्हणाला, "उद्या यंत्रात कोणाचा हात गेला, आणि मी विचारलं कोणती मंजुळा, तर ही काय सांगेल?" त्याचंही चूक नव्हतं. मी इतकी वर्षं त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मायचं बोट त्या नावावर होतं. मी तिच्यापासून दोन पावलांवर. मी तिचं तोंड पाहत होती. तिनं एकदा छताकडं पाह्यलं, श्वास घेतला, आणि तिचे ओठ मिटले. आता पहा, पुंजाजी म्हणायले आधी ओठ मिटावे लागतात. तुम्ही आत्ता म्हणून पहा. पण गप बसायलेही ओठ मिटावेच लागतात. ते कशासाठी मिटले हे समजायले एक क्षण थांबावं लागलं असतं. एकच क्षण. मी थांबली नाही. रोजच्या सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, मोठ्यानं, पूर्ण जिनाले ऐकू जाईल असं:

"पुंजाजी. माह्या बाबाचं नाव पुंजाजी हाये."

पारवे उडाले. आणि मग पुरुष हसायले लागले. जगदेव म्हणे, "घ्या सायेब, मुकादम भेटली. परकरवाली." मॅनेजरही हसला, मग थांबला. मायच्या हातातून बुक घेतलं. "बाई, तुम्ही चांगलं वाचलं," म्हणाला, "पण कामावर दर वेळी मुलगी कुठून आणणार?" आणि बुक जगदेवकडं दिलं. मायनं माझ्याकडं पाह्यलं. रागानं पाह्यलं असतं त बरं झालं असतं. तिनं माझ्या हातातलं भाकरीचं फडकं घेतलं, म्हणे, "शाळेत जाय," आणि जाऊन तिच्या रेच्यापाशी उभी राह्यली. भोंगा वाजला. पट्टे फिरायले लागले.

कोणी मायले बोललं नाही. संध्याकाळी सगळ्या आमच्या पडवीत येऊन बसल्या, सुभद्राकाकू म्हणे, पुढच्या हंगामाले पाहू. पुढच्या हंगामाले मॅनेजर दुसरा होता आणि त्यानं काकूले खोलीच्या बाहेरूनच परत पाठवलं. रुखमा त्याच महिन्यात यायची बंद झाली. लेकरू अंगावर धरेना, तिले दूधच राह्यलं नव्हतं. लिंबाची एक झोळी कमी झाली, बस, बाकी काही बदललं नाही. बाबाले त्या दिवशी कोणी सांगितलं माहीत नाही, पण मी शाळेतून आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून होता. म्हणे, "मीच आडवा आलो." आणि होळीच्या आत तो गेला. ते पत्रे मायनं उचलून ठेवले. एक पत्रा, "र"चा, तिनं उंदराच्या बिळावर ठोकला, आणि मी जेवतानी त्याच्याकडं पाहायचं टाळत असे.

मायनं मले शिकवलं. रेच्यापाशी उभं राहून. मी मास्तरीण झाली, शेवटची काही वर्षं हेडमास्तरीण. मले कोणी अडवलं नाही असं नाही, पण अडवलं तेव्हा मी बोलली, आणि बोलायले शिकली ती कोणाचं नुकसान करून शिकली ते मले माहीत होतं. एकदा माय माझ्या शाळेत येऊन बसली होती, व्हरांड्यात, मांडीवर सूप, तुरीच्या शेंगा सोलत. खूप म्हातारी झाली होती. मी आत शिक्षकांले नाव घेऊन कामं वाटून दिली आणि बाहेर आली. ती म्हणे, "चांगलं पुकारतं व तू." आणि मी तिथंच, इतक्या वर्षांनी, तिच्यापाशी खाली बसली आणि विचारलं. "माय, त्या दिवशी तू म्हननार होती का?"

तिनं कोणता दिवस हे विचारलं नाही. चार-पाच शेंगा सोलल्या. मग म्हणे, "तू बोलली ते बरंच झालं, यमे. मी बोलली असती, अन् मंग ते गेले असते, त मले जन्मभर वाटलं असतं की मीच धाडलं. तू वाचवलं मले."

ते खरं होतं की माझं मन राखायले बोलली, हे मले त्या दिवशीही समजलं नाही आणि आजही नाही. तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही, म्हणणार होती की नाही याचं. ती गेली तोपर्यंत बाबाचं नाव तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

सकाळी फोनवर पल्लवी म्हणे, "आजी, उद्या बोलताना माझी बोबडी वळली तर?" माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, की असं उभी राह्य, आधी हे म्हण, मंग ते म्हण. मी ओठ मिटले. एक क्षण थांबली. पलीकडं तीच म्हणे, "वळू दे. थांबेन जरा, मग बोलेन." मी म्हटलं, होये बाई. आणि फोन ठेवला.

वरण खाली लागलं, वास येऊन राह्यला. पण आधी मले सांगा, तुमच्याकडूनही असं झालं का? ज्या माणसावर तुमचा सगळ्यात जास्त जीव, त्याले मदत करायले म्हणून तुम्ही बोलले, आणि तो स्वतः काय बोलणार होता, हे मंग कधीच समजलं नाही?